पाय इकडे कर

बाबांना मधुमेह निघाला ते साल १९८३. मी तेव्हा अकरावीत होतो. गोव्यातल्या म्हार्दोळच्या आमच्या घरी त्या आठवड्यात जे काही झालं ते अजून डोळ्यांसमोर आहे. चहाच्या डब्याशेजारचा साखरेचा डबा वरच्या फळीवर गेला. भाताचं टोप लहान झालं. आईने दुकानातून नाचण्याचं पीठ आणायला सांगितलं आणि आम्हा तिघा भावंडांच्या पानातही नाचण्याची भाकरी आली. कुणाला विचारलं नाही, कुणी तक्रार केली नाही.

रोज सकाळी मागच्या दारी एक विधी चाले. त्या काळी घरी रक्त तपासायचं यंत्र नव्हतं. बेनेडिक्टचं निळं द्रावण काचेच्या नळीत घ्यायचं, त्यात लघवीचे आठ थेंब टाकायचे आणि नळी चिमट्यात धरून स्टोव्हवर तापवायची. द्रावण निळं राहिलं तर साखर नाही. हिरवं झालं तर थोडी, पिवळं झालं तर जास्त, विटकरी झालं तर फारच. हे सगळं आई करायची. सातवी शिकलेली माझी आई नळी उजेडाकडे धरून डोळे बारीक करायची आणि स्वयंपाकघराच्या दारामागे टांगलेल्या कालनिर्णयावर त्या दिवसाच्या चौकोनात रंगाचं पहिलं अक्षर लिहायची. नि, हि, पि. बाबांनी त्या नळीला कधी हात लावल्याचं मला आठवत नाही. आजीच्या तोंडी या आजाराचं नाव ‘गोडें मूत’ होतं आणि आईचं ते रोजचं नळी तापवणं तिला किळसवाणं वाटायचं. आईने तिचं बोलणं कधी मनावर घेतलं नाही.

बाबा पुढे एकवीस वर्षं जगले. डोळे शाबूत, पाय शाबूत. लोक म्हणायचे, मास्तरांनी पथ्य फार सांभाळलं. मीही तसंच म्हणायचो.

२०१५ च्या जून महिन्यात माझ्या बायकोला मधुमेह निघाला.

तळहातावर सुरीने कापलं होतं, ती जखम तीन आठवडे भरेना म्हणून ती एकटीच बसने फोंड्याला गेली, रक्त दिलं, दुसऱ्या दिवशी जाऊन रिपोर्ट आणला. तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीएवनसी, ९.२. साडेसहा किंवा त्यावर गेलं की मधुमेह धरतात. संध्याकाळी मी शाळेतून आलो तेव्हा ती बांगडे तळत होती. तव्यावरची नजर न काढताच तिने सांगितलं, ‘मला शुगर आहे म्हणे.’ मी म्हटलं, ‘काळजी घे हां.’ आणि कपडे बदलायला आत गेलो.

त्या तीन शब्दांनंतर आमच्या घरात काहीही बदललं नाही. साखरेचा डबा जागचा हलला नाही. चहा एकाच टोपात सगळ्यांसाठी साखर घालून व्हायचा. एकटीसाठी वेगळा कशाला करायचा, म्हणून ती तोच प्यायची. दुपारची गोळी घेऊन ती आम्हाला वाढायला उभी राहायची. आमची जेवणं, सासूबाईंचं, म्हणजे माझ्या आईचं औषधपाणी, मागची आवरासावर सगळं होऊन ती पानावर बसेपर्यंत अडीच वाजायचे. सकाळचा भात उरला तर तो टाकवत नाही म्हणून रात्री तिच्या पानात. कुणाच्या घरी वेगळं असतं असं मला वाटत नाही. घरातल्या पुरुषाला मधुमेह झाला की स्वयंपाकघराला मधुमेह होतो. घरातल्या बाईला झाला की तो तिच्या एकटीच्या पिशवीत राहतो, गोळ्यांच्या पाकिटासारखा.

हे मला तेव्हा दिसलं नाही, हे मला आज फार लागतं. बाबांचं पथ्य बाबांनी सांभाळलं नव्हतं. ते आईने सांभाळलं होतं. आणि माझ्या बायकोला अशी कोणी ‘बायको’ नव्हती.

आमच्या गोव्यात हा विषय कुणा एका घराचा राहिलेला नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशभरच्या पाहणीचे आकडे २०२३ मध्ये आले तेव्हा मधुमेहात गोवा देशात पहिला होता. प्रौढांत २६.४ टक्के, देशाची सरासरी ११.४. गणेश चवथीला माटोळीखाली, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या चौकटीखाली, घरची वीस मोठी माणसं जमली तर त्यांतल्या पाचांना हा आजार असायचा, असा तो हिशेब. आमच्या घरी मोजून पाहिलं, सहा निघाले. त्यांतल्या चार बायका. आणि त्या दिवशी नेवऱ्या, म्हणजे करंज्या, तळायला बसलेल्या त्याच चौघी.

२०१८ मध्ये तिच्या डोळ्यांच्या तपासणीत पडद्यावर मधुमेहाच्या अगदी सुरुवातीच्या खुणा दिसल्या. एचबीएवनसी तोवर १०.१ वर गेलं होतं. मग मात्र मी घाबरलो. आयुष्यभर शाळेत शिकवलं, त्यामुळे घाबरलो की मला एकच गोष्ट सुचते: वही घालायची. ग्लुकोमीटर आणला, पट्ट्यांची डबी आणली, दोनशे पानी वही आणली. उपाशीपोटीची साखर, जेवणानंतर दोन तासांची साखर, काय खाल्लं, किती चालली. लाल पेनने मी आकड्यांभोवती गोल करायचो. जेवताना तिच्या पानाकडे बघायचो. ‘भात परत घेतलास?’ ‘लग्नात जिलबी खाल्लीस ना?’ पाहुण्यांसमोर सुद्धा. कोणी खोबऱ्याची वडी पुढे केली की तिच्याआधी मी म्हणायचो, ‘तिला नको, तिला शुगर आहे.’ मला वाटायचं, मी आईचं ऋण फेडतो आहे. आईने बाबांचं केलं तसं मी हिचं करतो आहे.

वहीतले आकडे सुधारले. १३८, १४२, १३५, १४०. मी खूश. पण तीन महिन्यांची सरासरी आली ९.८. रक्ताच्या तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात आणि त्यांना चिकटलेली साखर त्या सगळ्या दिवसांचा हिशेब सांगते, ती रोजच्या वहीला जुमानत नाही. माझा हिशेब जुळेना. एके दुपारी ती तळीकडच्या देवळात गेली असताना मी ग्लुकोमीटर हातात घेतला आणि बटण दाबून आतली आठवण मागे मागे नेत गेलो. यंत्राला सगळे आकडे तारखेसकट आठवत असतात. वहीत १४० होतं त्या दिवशी यंत्रात २३१ होतं. वहीत १३५, यंत्रात २१८. काही दिवशी तिने टोचलंच नव्हतं, आकडा मात्र वहीत होता. सुंदर अक्षरात.

त्याच आठवड्यात तांदळाच्या डब्यामागे कागदात गुंडाळलेली अर्धी नेवरी सापडली. चवथ होऊन दहा दिवस झाले होते.

मी किती वेळ तिथे उभा राहिलो ते सांगता येणार नाही. पंचवीस वर्षं जिच्याशी संसार केला ती बाई स्वतःच्या घरात, स्वतःच्या हाताने केलेली नेवरी लपवून खात होती. ती साखरेला घाबरत नव्हती. ती मला घाबरत होती.

आमच्या डॉक्टरांना मी हे एकट्याने जाऊन सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘सर, तुम्ही घरात असलात की त्यांना परीक्षेत बसल्यासारखं वाटतंय. वही बंद करा. काय खाल्लं ते विचारू नका. आज कसं वाटतंय ते विचारा.’ नंतर मी बरंच वाचलं. जोडप्यांकडून रोजच्या रोज नोंदी घेऊन परदेशात असा अभ्यास झालेला आहे. ज्या दिवशी जोडीदाराने साथ दिली, आपणही तेच खाल्लं, चांगलं म्हटलं, त्या दिवशी पथ्य जास्त पाळलं गेलं. आणि ज्या दिवशी टोकलं, दबाव आणला, त्या दिवशी कमी. २०१३ मध्ये निष्कर्ष आलेल्या १७ देशांच्या एका मोठ्या पाहणीत रुग्णांबरोबर घरच्या माणसांनाही प्रश्न विचारले होते. मदत करायची इच्छा आहे, पण कशी करायची ते कळत नाही, असं म्हणणारे त्यात पुष्कळ होते. ते वाचताना मला एकटेपणा थोडा कमी वाटला.

पण वाचून माणूस बदलत नाही. मला बदलायला लावलं ते एका एकादशीने.

आषाढातली एकादशी, बाहेर धो धो पाऊस. तिचा उपवास. सकाळची गोळी तिने नेहमीप्रमाणे घेतली होती. तिच्या गोळ्यांत मेटफॉर्मिनबरोबर ग्लिमेपिराइड होतं. मेटफॉर्मिन एकट्याने साखर सहसा फार खाली नेत नाही. ग्लिमेपिराइडचं तसं नाही. पोटात अन्न असो नसो, ते स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं. हे मला माहीत होतं, वहीच्या पहिल्या पानावर मीच लिहून ठेवलं होतं. साडेबाराच्या सुमारास ती माझ्यावर ओरडली. कारण अगदी क्षुल्लक, मी ओली छत्री सोप्यावर उघडी ठेवली होती. ती कधी ओरडत नाही. मला राग आला, मी उलट बोललो. ती आणखी चिडली, शब्द अडखळायला लागले. मी तोंड फिरवून वर्तमानपत्र उघडलं. मग हातातलं पेलं तिने ठेवलं ते टेबलाच्या कडेवर, आणि ते खाली पडलं. त्या आवाजाने मी वळलो. पावसाळी गारठ्यात तिच्या वरच्या ओठावर घामाचे थेंब होते. बोटं थरथरत होती.

टोचलं. ५४.

सत्तरच्या खाली गेलं की उशीर करायचा नसतो. तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पाजली. पंधरा मिनिटं थांबायचं आणि पुन्हा मोजायचं. ती पंधरा मिनिटं मी तिचा हात धरून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसलो होतो. ६८. पुन्हा थोडं साखरपाणी, पुन्हा पंधरा मिनिटं. ९१. मग दोन पोई, म्हणजे कोंड्याचे पाव, आणि अळसांद्यांची उसळ. उपवास मोडला म्हणून तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि माझ्याही, वेगळ्या कारणाने. साखर उतरली की चिडचिड होते, जीभ अडखळते, माणूस स्वतःसारखा वागत नाही. ज्याची साखर उतरते त्याला ते अनेकदा कळत नाही. शेजारच्या माणसाला कळतं. शेजारी मी होतो आणि मी भांडत बसलो होतो.

वही मी त्या रात्री माळ्यावर टाकली. फाडली नाही. ती तशीच असावी असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी स्वतःचं रक्त दिलं. २०१४ मध्ये मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या संशोधकांनी बरेच अभ्यास एकत्र करून दाखवलं होतं की जोडीदाराला मधुमेह असेल तर आपल्याला तो होण्याची शक्यता सुमारे २६ टक्क्यांनी वाढते. रक्त वेगळं असलं तरी टोप एकच, खुर्ची एकच, झोपायची वेळ एकच. माझं एचबीएवनसी ६.१ आलं. मधुमेह नव्हे, पण उंबरठ्यावर. तो कागद मी तिच्या हातात दिला. तिने पूर्ण वाचला, चष्मा काढला आणि पहिल्यांदा या विषयावर आम्ही दोघं समोरासमोर बसून बोललो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

ती म्हणाली, ‘मला सगळ्यात कशाचा कंटाळा येतो सांगू? रोज सकाळी उठल्याबरोबर मला आठवतं, की मला हे आहे. मग दिवसभर हिशेब. घास तोंडात घालताना हिशेब. देवाचा प्रसाद हातावर घेताना हिशेब. आणि वर तुम्ही.’ डॉक्टर लोकांत या थकव्याला नाव आहे, त्याला ते नैराश्यापासून वेगळं धरतात. मला नाव माहीत होतं. थकलेली बाई मात्र मी पाहिली नव्हती.

मग आम्ही हळूहळू घर हलवलं. चहा सगळ्यांचाच बिनसाखरेचा झाला. पाहुण्याला हवी तर साखर वेगळी. पहिला आठवडा मला तो चहा घशाखाली उतरेना, आता गोड चहा जात नाही. एक वाजता आम्ही दोघं एकदम बसतो. वाढून घ्यायचं, कुणी कुणाला वाढायला उभं राहायचं नाही. हे लिहायला एक ओळ लागते, अंगवळणी पडायला वर्ष गेलं, कारण तिला बसवत नव्हतं. पानात आधी भाजी, तोंडाक (कडधान्याची आमटी) किंवा नुस्तें (मासळी), भात शेवटी आणि वाटीने मोजून. भात उकड्या तांदळाचा. त्याने पांढऱ्या, पॉलिश केलेल्या तांदळापेक्षा साखर सावकाश चढते, पण शेवटी भातच आहे, म्हणून वाटी. पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा भोंगा वाजला की पावाऐवजी कोंड्याची पोई घ्यायची. बाजारातून मासळी पूर्वीपासून मीच आणतो, आता बांगडे आणि तारले जास्त आणतो आणि रात्री ते मी भाजतो. तळत नाही.

चालण्याचं कारण मला इतकी वर्षं ठाऊकच नव्हतं. मी तिला म्हणायचो, रोज अर्धा तास चाल, एवढं का होत नाही? संध्याकाळी काळोख पडल्यावर आमच्या वाटेवर तिला कुत्र्यांची भीती वाटते, एवढंच कारण होतं. तिने सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं. आता जेवण झालं की हातात काठी घेऊन मी बरोबर जातो. तळीला दोन फेऱ्या. जेवणानंतरचं चालणं दहा-पंधरा मिनिटांचं असलं तरी पायांचे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात. पण मला त्या फेऱ्या आवडतात त्या गप्पांसाठी.

उपवास सोड असं मी तिला म्हटलं नाही. तो तिचा आणि तिच्या देवाचा प्रश्न आहे. तिने डॉक्टरांना विचारलं, त्यांनी उपवासाच्या दिवसापुरता गोळ्यांचा बदल लिहून दिला आणि साबुदाण्याची खिचडी म्हणजे बहुतेक पिष्टच, हे समजावलं. आता एकादशीला ती फळं, दूध, भाजलेले शेंगदाणे घेते. दिवाळीला फोव, म्हणजे पोहे, होतात. गुळाचे फोव तीही खाते, चार चमचे, सगळ्यांच्या समोर बसून. कागदात गुंडाळून नाही.

हे सगळं सुरळीत चाललंय असं कुणी समजू नये. मध्ये ७.३ पर्यंत आलो होतो. गेल्या डिसेंबरात भाचीचं लग्न झालं, पाहुणे झाले, तळीच्या फेऱ्या महिनाभर बंद, आणि आकडा ८.१. पण रिपोर्ट यायच्या आदल्या रात्रीच ती म्हणाली होती, ‘अहो, यंदा वाढलेली असणार. मी मनमुराद खाल्लंय.’ मी म्हटलं, ‘मीही.’ काही सकाळी मी यंत्र पुढे करतो तेव्हा ती म्हणते, ‘आज नको.’ मी ते परत खणात ठेवतो. ते ठेवताना माझ्या मनात काय होतं ते तिला दिसू नये, यासाठी मला अजून कष्ट पडतात.

तिच्या पायांबद्दल सांगायचं राहिलं.

मधुमेहात पायांच्या नसा बोथट होऊ शकतात. खडा रुतला, फोड आला तरी कळत नाही. म्हणून रोज तळवे आणि बोटांच्या बेचक्या बघायच्या असतात. साठीला आलेल्या, गुडघे दुखणाऱ्या बाईला स्वतःचे तळवे दिसत नाहीत. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी तिला डोळे मिटायला सांगून नायलॉनचा एक बारीक धागा तळव्यावर ठिकठिकाणी टेकवला. जिथे लागेल तिथे ती ‘हो’ म्हणत होती. डाव्या पायावर दोन जागी धागा वाकला आणि ती गप्प राहिली. मी समोर उभा होतो. ती डोळे मिटून पुढच्या स्पर्शाची वाट बघत होती, जो होऊन गेला होता.

त्या रात्री मी बॅटरी घेऊन तिच्यासमोर जमिनीवर बसलो आणि म्हटलं, ‘पाय इकडे कर.’ तिने दोन्ही पाय झटकन साडीखाली ओढून घेतले. ‘अहो, काहीतरीच काय! तुम्ही माझ्या पायांना हात लावणार? पाप लागेल मला.’ सत्यनारायणाच्या पूजेनंतर, दिवाळीच्या पाडव्याला, वर्षानुवर्षं ती माझ्या पाया पडत आली होती. मी पाय कधी मागे घेतले नव्हते. त्या रात्री ती ऐकेना. दुसऱ्या दिवशी आरसा खाली ठेवून स्वतः बघायचा प्रयत्न केला, जमलं नाही. आठवडाभराने एक पाय पुढे आला, तोही घोट्यापर्यंत पदर ओढून.

आता ती सवय झाली आहे. रात्री चालून आलो की ती पाय धुते, मी जुन्या मऊ पंच्याने बेचक्या कोरड्या करतो. आमच्याकडच्या पावसाळ्यात चिखल्या व्हायला वेळ लागत नाही. मग बॅटरीने बघतो. टाच, चवडा, प्रत्येक बोट. टाचांना तेल लावतो, बेचक्यांत लावत नाही. तोवर ती मुलीच्या फोनबद्दल सांगते, कुणाकडे जायांच्या माळा जास्त झाल्या ते सांगते, इसवण माशाचा भाव सांगते. एवढा निवांत वेळ आम्हाला लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातही मिळाला नव्हता.

परवा रविवारी डाव्या पायाच्या करंगळीखाली चण्याएवढा फोड दिसला. पाण्याने भरलेला, अजून फुटलेला नाही. सकाळी नवी पावसाळी चप्पल घालून ती देवळात गेली होती.

‘दुखतंय?’ मी विचारलं.

‘काय दुखतंय?’

मी आरसा धरून तिला दाखवलं. ती बराच वेळ बघत राहिली. ‘कळलंच नाही हो,’ म्हणाली. आवाज अगदी लहान झाला होता. माझ्या तोंडाशी आलं होतं, की नवी चप्पल घालू नको म्हटलं होतं ना. मी ते गिळलं. फोड न फोडता स्वच्छ केला, वर सैल गॉज लावला, सकाळी डॉक्टरांकडे जायचं ठरवलं. चप्पल उचलून मागच्या दारी नेऊन ठेवली, जिथे आई नळी तापवायची तिथे.

परत येऊन बसलो तर तिने दुसरा पाय पुढे केला होता.